सेतेफानोचं बिनकामाचं चालणं

माणसाला रस्त्याने चालायचं तर काहीतरी काम असावं लागतं, ही साधी गोष्ट सेतेफानो ऑकलंडात एक्केचाळीस वर्षं राहून साफ विसरला होता. पुढे जे रामायण झालं ते सगळं या एका विसरण्यापायी. त्यात एक डुक्कर गेलं, एका नीरफणसाच्या झाडावरून दोन कुळांचं बोलणं बंद होता होता वाचलं आणि पाद्रीबाबांच्या घरातली प्रार्थना अर्ध्यावर मोडली. वाइलोटो गावाच्या इतिहासात हे शेवटचं पूर्वी एकदाच घडलं होतं, आणि तेव्हा वादळ होतं.

तसा सेतेफानो हुशार माणूस. ऑकलंडच्या बसडेपोत तो वेळापत्रक खात्याचा मुख्य होता, हाताखाली चौदा कारकून. सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांची बस सहा सेहेचाळीसला सुटली तर त्याला घरी बसून कळायचं, असं त्याची बायको लुपे सांगते. निरोप समारंभात त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तो सवाई बेटावरच्या आपल्या गावी मोठ्या हौसेने घेऊन आला आणि मग लक्षात आलं की घराला भिंतच नाही. आमच्याकडे घर म्हणजे खांब आणि छप्पर. शेवटी ते घड्याळ खांबाला दोरीने बांधलं. येणारेजाणारे आत डोकावून त्यात वेळ बघतात आणि तिकडे दुर्लक्ष करतात.

गावी येऊन सेतेफानो इतका खूष होता की पहिले पंधरा दिवस तो कोंबडा आरवला तरी लुपेला उठवून ऐकवायचा. एकच काटा होता, आणि तो म्हणजे त्याची साखर. तिथल्या मापाने ती अकरा होती आणि हवी होती सातच्या आत. मुलगी मातालेना ऑकलंडात नर्स. तिने विमानतळावरच बजावलं होतं. ऑक्टोबरात पांढऱ्या रविवारी, म्हणजे मुलांच्या सणाला, ती येणार होती. "बाबा, तोवर साखर सातच्या खाली आली तर तुम्ही तिथे राहा," ती म्हणाली होती. "नाही आली तर मी परतीची दोन तिकिटं घेऊनच येतेय." मातालेना बोलते ते करते. हा गुण तिने बापाकडून उचलला, त्यामुळे बापाला तक्रारीलाही जागा नव्हती.

डॉक्टरांनी रोज अर्धा तास भराभर चालायला सांगितलं होतं. हे ऐकून दुसरा माणूस चालायला लागला असता. सेतेफानोने आधी वेळापत्रक केलं. संध्याकाळी साडेपाचला घरून प्रस्थान, पाच अडतीसला देऊळ म्हणजे आपलं चर्च, पाच एक्केचाळीसला शेजारच्या कुळातल्या मलाकीचं नीरफणसाचं झाड, पाच पंचेचाळीसला पूल, आणि सहाच्या ठोक्याला घरी. तो कागद त्याने घड्याळाखाली खांबाला चिकटवला. पहिल्या दिवशी पांढरे बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर टोपी आणि मनगटावर मुलीने दिलेलं पावलं मोजायचं यंत्र, अशा थाटात स्वारी निघाली.

समोरच्या घरात फियासिली मावशी चटई विणत बसली होती. या बाईच्या नजरेतून गावची कोंबडीसुद्धा सुटत नाही.

"सेते, कुठे निघालास?"

"कुठे नाही, मावशी. चालायला."

"चालायला कुठे?"

"पुलापर्यंत."

"पुलावर काय आहे?"

"काही नाही. परतच यायचंय."

मावशीने हातातली पट्टी खाली ठेवली आणि नीट विचार केला. "मग जातोस कशाला?"

सेतेफानो नुसता हसला. मावशीनेही विषय वाढवला नाही. जेवण समोर आलं होतं, म्हणून तिने रीतीप्रमाणे हाक दिली, "ये जेवायला."

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. कुणी जेवायला बसलं असेल आणि रस्त्याने माणूस जाताना दिसला, तर "ये जेवायला" म्हणायचं असतं. जाणाऱ्याने "असू दे, जेवा तुम्ही" म्हणायचं असतं आणि पुढे जायचं असतं. बोलावणाऱ्याने जास्तीचं रांधलेलं नसतं, जाणाऱ्याला भूक नसते, आणि तरी दोघांनाही बरं वाटतं. आमच्या पूर्वजांनी फार विचार करून ही सोय केली आहे. हजार वर्षांत हिला कुणी धक्का लावला नव्हता.

पण सेतेफानो आला ऑकलंडातून. तिकडे कुणी जेवायला बोलावलं तर तारीख-वार ठरतो, आणि कबूल करून न जाणं म्हणजे यजमानाचा घोर अपमान. त्याचा ऊर भरून आला. त्याने बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची नीट घडी केली आणि आत जाऊन मांडी घातली. मावशीचा घास हातातच राहिला. मग तिने आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि आपण केळं खाल्लं.

पुढच्या घरातून हाक आली. मावशीकडे जेवलो आणि यांच्याकडे नाही, असं कसं चालेल? सेतेफानो तिथेही बसला. मग मलाकीकडे, मग पुलाजवळच्या दोन घरांत. नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेली टारोची, म्हणजे अळूची, पानं, टारोचे कंद, भाजलेला नीरफणस, तळलेले गोड गोळे आणि वर वाटीभर गोड कोको. घरी आला तेव्हा सहाच्या ऐवजी साडेसहा झाले होते आणि त्याचे डोळे ओले होते.

"लुपे, गावाने मला ओळखलं गं," तो म्हणाला. "ऑकलंडात शेजारच्या माणसाने वीस वर्षांत मला कुठे चाललास हेसुद्धा विचारलं नाही. इथे पाच घरांनी पंक्तीला बसवलं."

लुपेलाही भरून आलं. तिने दुसऱ्या दिवशी त्याचे बूट पुसून ठेवले. सेतेफानोने वेळापत्रकात दुरुस्ती करून पाच अधिकृत थांबे घातले आणि प्रत्येकाला सात मिनिटं दिली. चालण्याचा वेग त्यामुळे थोडा घटला हे खरं, पण उत्साह दुप्पट झाला. गावातल्या बायकाही हुशार. चार दिवसांत पाचही घरांनी साडेपाचला एक मूठ जास्त शिजवायला सुरुवात केली. सहाव्या घरच्या बाईला राग आला की आमच्या हातचं याला चालत नाही का, म्हणून तोही थांबा झाला.

दोन आठवड्यांनी दवाखान्यातल्या नर्सने बोट टोचून यंत्र पाहिलं. मग यंत्र झटकून परत पाहिलं. साखर तेरा होती. काय करता, असं तिने विचारलं तेव्हा सेतेफानो छाती काढून म्हणाला की रोज चालतो.

त्याच दुपारी महिला मंडळाच्या सात जणी लुपेकडे आल्या. प्रत्येकीच्या हातात झाकलेली टोपली होती. आधी हवापाण्याचं झालं, पाद्रीबाबांच्या गुडघ्याचं झालं, आणि मग फियासिली मावशीने लुपेच्या पाठीवर हात ठेवून अगदी हळुवार विचारलं की बाई, तुला बरं नसतं का? की तिकडे राहून चूल पेटवायचीच विसरलीस? असलं तरी लाजू नकोस, आम्ही आहोत. पुरुषमाणूस रोज घरोघरी पोट भरत हिंडतो, ते बघवत नाही.

लुपेने टोपल्या ठेवून घेतल्या, आभार मानले, सातही जणींना रस्त्यापर्यंत पोचवलं आणि मग परत येऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. सेतेफानोला याचीच जास्त भीती वाटते.

"अहो, 'ये जेवायला' म्हणजे 'दिसलास बरं का' एवढंच असतं. तुम्ही या गावात जन्मलात ना? की ते पण वेळापत्रकात लिहून द्यायचं?"

"मग खरंच बोलवायचं असेल तेव्हा काय म्हणतात?"

"तेव्हा काही म्हणत नाहीत. हाताला धरून आणतात."

सेतेफानोला रात्रभर मावशीचं ते केळं दिसत राहिलं. एकेका घरातलं एकेक ताट आठवून त्याचे कान तापले. पण निराश होऊन बसणाऱ्यांतला तो नव्हे. सकाळी उठला तो नवी योजना घेऊनच. चालायचं, पण असं चालायचं की कुणाला हाकच मारता येणार नाही. मोजत असलेल्या माणसाला कुणी मध्येच टोकत नाही, हा त्याचा अनुभव होता. डेपोत तो प्रवासी मोजताना साहेबसुद्धा गप्प राहायचे.

त्या संध्याकाळपासून सेतेफानो मनगटावर नजर रोवून, मोठ्याने पावलं मोजत चालू लागला. चारशे बारा, चारशे तेरा. खरोखरच कुणी हाक मारली नाही. लोक जेवता जेवता थांबून नुसते बघायचे. एक हजार पावलं झाली की मनगटावरचं यंत्र थरथरायचं, मग सेतेफानो जागीच थांबायचा, दोन्ही टाचा जुळवायचा आणि मागे फिरायचा. हे हजारावं पाऊल रोज एकाच जागी पडायचं. ती जागा म्हणजे मलाकीचं नीरफणसाचं झाड.

आता झाड मलाकीचं हे मलाकी म्हणतो. सेतेफानोच्या कुळातले लोक म्हणतात की ते आमच्या आजोबांनी लावलं आणि मलाकीच्या आजोबांनी फक्त त्याच्याखाली झोप काढली. तीन पिढ्या हा वाद शांतपणे पडून होता. दोघंही फणस खात होते. अशात एक माणूस न्यूझीलंडाहून येतो, हातावर यंत्र बांधून रोज आपल्या घराच्या खांबापासून मोजत मोजत झाडापर्यंत येतो, टाचा जुळवतो आणि परत जातो. मलाकीची झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी झाडाच्या अलीकडे पंधरा हातांवर खुंट्यांची रांग उभी राहिली. खुंट्यांच्या डोक्यांना लाल रंग होता. मलाकी स्वतः हातात कोयता घेऊन शेजारी उभा. सेतेफानो आला, त्याने खुंट्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने मलाकीचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. या खुणांची मला फार गरज होती, तो म्हणाला, आता अंतर चुकायचं नाही, जमलं तर पुलापर्यंत घाल. मलाकीच्या हातातून कोयता पडायचाच राहिला. इतका थंड डोक्याचा शत्रू त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोलुआदादा सेतेफानोच्या घरी आला. तोलुआ म्हणजे सेतेफानोचा थोरला चुलतभाऊ आणि त्यांच्या कुळाचा मताई. मताई म्हणजे कुळाचा पुढारी. जमीन, भांडणं, लग्नं, मर्तिकं सगळं त्याच्या शब्दावर चालतं. देह प्रशस्त. बसायला त्याला थोडा वेळ लागतो आणि उठायला दोन माणसं.

"किती पावलं भरली?" त्याने विचारलं.

"हजार, दादा."

"मोजायला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरने."

"न्यूझीलंडच्या डॉक्टरला आपली फणसाची जागा कशाला हवी?"

समजूत पटवायला दुपार झाली. साखर म्हणजे काय, ती चालून कशी जाते, चालायचं तर मोजायचं कशाला. तोलुआने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की हे मी मलाकीला सांगणार नाही, कारण यावर तो विश्वास ठेवणार नाही. त्याऐवजी तो मलाकीकडे गेला, दोघं दोन तास पूर्वजांची नावं घेत बसले, आणि असं ठरलं की मलाकीने खुंट्या उपटायच्या आणि सेतेफानोने आकडे म्हणत त्या झाडाजवळून जायचं नाही. साखर साडेबारा होती आणि सप्टेंबर तोंडावर आला होता.

दुसऱ्या कुणी हात टेकले असते. पण वेळापत्रकवाल्या माणसाला एक सवय असते. तो गर्दीच्या वेळा बघत नाही, मोकळ्या वेळा बघतो. दोन दिवस सेतेफानो आपल्या खांबाला टेकून रस्त्याचं निरीक्षण करत बसला आणि तिसऱ्या दिवशी ताडकन उठला. पावणेसात ते सात या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुणी जेवत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं, मलाकीदेखील झाडाखाली नव्हता. पंधरा मिनिटं अख्खा रस्ता रिकामा! एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीत अशी मोकळी जागा त्याला सापडली नव्हती. आनंदाने त्याला दरदरून घाम फुटला.

रस्ता रिकामा होता कारण ती प्रार्थनेची वेळ होती. चर्चपाशी टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या नळकांड्यावर पहिला टोला पडला की माणसं घरी पळतात, दुसऱ्याला प्रार्थना सुरू होते, तिसऱ्याला संपते. मधल्या वेळात रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. गावची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून पहारा करतात आणि कुणी चुकून सापडलाच तर त्याने आहे तिथे खाली बसायचं असतं. हे सेतेफानोला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी याच गुन्ह्यासाठी आजीने त्याला केरसुणीने बडवला होता. पण त्याने मनाशी असा निवाडा केला की नियम दंग्याविरुद्ध आहे, चालण्याविरुद्ध नाही. आपण स्तोत्र म्हणत चालू. एका स्तोत्रात अंदाजे दोनशे पावलं बसतात, म्हणजे देवाचंही होईल आणि डॉक्टरचंही. लुपे त्या वेळी पाद्रीबाबांकडे मुलांची सणाची गाणी बसवायच्या कामाला गेली होती, म्हणून या निवाड्यावर अपील झालं नाही.

तो चर्चपर्यंत पोचला. तिथे पोआसा उभा होता. पोआसा हा गावच्या पोरांचा म्होरक्या, सव्वासहा फूट उंच, कमरेला काळी लुंगी. त्याने हळूच हात दाखवला.

"काका, बसा."

"बसून कसं चालेल? हे बंद पडेल ना," सेतेफानोने मनगट दाखवलं. सहाशे चाळीस झाली होती.

"काका, प्रार्थना चाललीय. चालू नका."

हे सेतेफानोला पटलं. तो पुढे जायचा थांबला. पण पाय थांबवले नाहीत. पाद्रीबाबांच्या घरासमोर, भर रस्त्यात, पांढरे बूट घालून तो जागच्या जागी पावलं टाकत राहिला आणि तोंडाने स्तोत्र म्हणत राहिला. घराला भिंती नसण्याचा तोटा अशा वेळी कळतो. आधी पाद्रीबाबांच्या धाकट्या नातीला हसू फुटलं. मग मधलीला. मग पाद्रीणबाईंनी तोंडात पदर कोंबावा तशी पुस्तकाची पानं कोंबली. पाद्रीबाबा "आमच्या अपराधांची क्षमा कर" इथपर्यंत आले, त्यांनी एक डोळा उघडला, समोर सेतेफानोचे गुडघे वरखाली होताना पाहिले, आणि पुढचं वाक्य त्यांना काही केल्या आठवेना. आत बसलेल्या लुपेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी गावची सभा बसली. सगळे मताई, त्यांत मलाकीही, आपापल्या खांबाला टेकून बसले होते. सेतेफानो वेळापत्रकाचा कागद घेऊन गेला आणि बाजू मांडायला उभा राहिला. बसलेल्या मताईंपुढे उभं राहणं हा आधीच्यापेक्षा मोठा गुन्हा, म्हणून तोलुआने त्याची लुंगी धरून त्याला खाली खेचलं. आणखी दोन इंच खेचली असती तर तिसरा गुन्हा घडला असता.

सभेपुढे प्रश्न असा पडला की या माणसाला शिक्षा काय म्हणून द्यायची. मताई असता तर दंड मताईचा. पाहुणा असता तर ज्याच्याकडे उतरला त्याचा. पण हा पाहुणा नाही, इथलाच आहे. आणि याला कुळाने कधी मताईपदाचं नाव दिलेलं नाही, म्हणून मताईही नाही.

"ज्याला नाव नाही तो गावचा पोरगा," मलाकी आढ्याकडे बघत म्हणाला. "मग वय काही असो."

कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं. नियम खराच तसा होता. सेतेफानोचं वय साठ. चौदा कारकून त्याला साहेब म्हणायचे. त्याच्या नावाने डेपोत एक खुर्ची होती, ती कुणी सरकवत नसे. सभेने निकाल दिला की कुळाने एक डुक्कर द्यावं आणि या पोराने उद्या पहाटेपासून पांढऱ्या रविवारपर्यंत पोआसाच्या हाताखाली कामाला जावं.

घरी आल्यावर सेतेफानोने पांढरे बूट बॅगेत भरले. मग म्हणाला, "मातालेनाला फोन लाव. म्हणावं तिकिटं आजच काढ. आपण इथले राहिलो नाही, लुपे. तिकडचेही नव्हतो, पण तिकडे निदान कुणी तसं म्हणत नव्हतं."

लुपेने फोन उचलला आणि परत खाली ठेवला. "जाऊ या," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी पोआसाकडे जा. दंड चुकवून पळाले, असं माझ्यामागे कुणी म्हणायला नको."

पहाटे पंचवीस पोरं आणि एक सेतेफानो डोंगराकडे निघाले. टारोचे मळे वर, चढ दीड तासाचा. पहिल्या दिवशी खांद्यावरच्या कावडीत त्याला दोन कंद दिले होते आणि उतारावर पोआसाने कावडीसकट त्यालाच आणलं. तिसऱ्या दिवशी चार कंद झाले. चौथ्या दिवशी नारळ सोलायला बसवलं. जमिनीत रोवलेल्या टोकदार खुंटावर नारळ आपटून पिळायचा असतो. पोरं कोपरं मारून एकमेकांना खुणावत होती की आता गंमत बघा. सेतेफानोने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि तीन झटक्यांत सालपट बाजूला केलं. त्याला स्वतःलाच कळेना. डोकं विसरलं होतं, हातांना आठवत होतं. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसायच्या आदल्या दिवशी त्याने शेवटचा नारळ सोलला होता, याच डोंगराच्या पायथ्याशी. त्याने त्या दिवशी साठ नारळ सोलले. हाताला फोड आले ते त्याने लुपेला एकेक करून दाखवले.

मग स्वारीला चेव चढला. लुपेने उठवायच्या आत तो लुंगी खोचून तयार असायचा. पोरांसाठीही त्याने एक वेळापत्रक केलं, ते पोआसाने मान देऊन दोन्ही हातांनी घेतलं आणि भट्टी पेटवायला वापरलं. "काका"चा हळूहळू "सेते" झाला. कावडीत बारा कंद आले. तो पोरांची गाणी शिकला, त्यातली काही लुपेसमोर म्हणण्यासारखी नव्हती. तरी त्याने म्हटली.

आणि जेवण. मताई जेवत असतात तेव्हा पोरांनी वाढायचं, माश्या वारायच्या, हात धुवायला पाणी द्यायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं. उरतं काय? माशाचं डोकं, एखादं उकडलेलं कच्चं केळं, थोडा पाला. सेतेफानोच्या वाट्याला वाढायला मलाकीचं पान यायचं. मलाकी मुद्दाम शेवटचा कणसुद्धा पुसून खायचा आणि रिकामं पान सेतेफानोच्या हातात द्यायचा. दवाखान्यातल्या नर्सचं म्हणणं, औषधाखालोखाल श्रेय मलाकीचं.

पांढऱ्या रविवारच्या आधी गुरुवारी मातालेना आली. पर्समध्ये दोन तिकिटं होती. घरी बाबा नव्हते, फक्त खांबाला घड्याळ होतं. मावशीने डोंगराकडे बोट दाखवलं. मातालेना रस्त्यात उभी राहून बघत होती. पोरांची रांग गाणं म्हणत उतरत होती. तिसऱ्या नंबरच्या पोराची चाल ओळखीची वाटली, पण बाकी काहीच ओळखीचं नव्हतं. पोट नव्हतं. पोराने कावड खाली ठेवली आणि म्हणाला, "आलीस? थांब, आधी नारळ सोलतो."

दवाखान्यातल्या नर्सच्या यंत्रावर सहा पूर्णांक चार आलं. मातालेनाने पर्समधून आपलं यंत्र काढलं. त्यावरही सहा पूर्णांक चार. ती बापाच्या गळ्यात पडून रडली. तिकिटं परत करता येतात का, हे ती नंतर दोन दिवस फोनवर विचारत होती.

शनिवारी दुपारी तोलुआदादा आला. नवी लुंगी, खांद्यावर मानाची चटई, मागे कुळातली चार वडीलधारी माणसं. दोन खांबांना धरून तो खाली बसला, दम खाल्ला आणि बोलू लागला. मानाची वाट सेवेतून जाते असं आपल्यात म्हणतात, तो म्हणाला. सेते, गावाने तुझी सेवा बघितली. मलाकीसुद्धा सभेत तुझ्या बाजूने बोलला. सोमवारी कुळ तुला नाव देणार आहे. तू मताई होणार.

एक्केचाळीस वर्षं सेतेफानो हेच स्वप्न पाहत होता. चौदा कारकुनांच्या सलामांनी जे भरलं नव्हतं ते आज चटईवर समोर ठेवलं होतं. तो पाया पडायला वाकला. वाकता वाकता त्याची नजर दादाच्या सुजलेल्या गुडघ्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"दादा, नाव मिळाल्यावर डोंगरावर जायचं ना?"

"छे. मताई वजन उचलत नाही. शोभत नाही ते."

"आणि जेवायला?"

"पहिल्या पंगतीत. टारो, डुकराचा मोठा तुकडा, आधी तुला." तोलुआने प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि आता ते बिनकामाचं चालणंही नको. तुला कुठे जायचंय? ज्याला काम असेल तो तुझ्याकडे येईल."

मातालेनाने हळूच पर्स जवळ ओढली. सेतेफानोने तिच्याकडे पाहिलं, लुपेकडे पाहिलं, मग मानाच्या चटईवरून एकदा हात फिरवला. फार सुरेख विणली होती.

"दादा," तो म्हणाला, "मी अजून लहान आहे."

वडीलधाऱ्यांत चुळबुळ झाली. तोलुआच्या भुवया वर गेल्या. "किती लहान?"

"एकोणिसाव्या वर्षी गेलो. आणि आता हे सहा आठवडे. एवढंच तर पोरपण झालंय माझं. थोडं आणखी होऊ दे."

तोलुआने चटईची गुंडाळी केली आणि लुपेच्या हातात दिली. सांभाळून ठेव, म्हणाला, पोरगं मोठं झालं की सांग. उठायला त्याने हात पुढे केला, आणि सेतेफानोने एकट्याने त्याला उठवलं.

सोमवारी पहाटे सेतेफानो खांद्यावर कावड टाकून निघाला. अनवाणीच. फियासिली मावशी न्याहारीला बसली होती.

"सेते, कुठे निघालास?"

"डोंगरावर, मावशी. टारो आणायला."

मावशीने समाधानाने मान हलवली. "ये जेवायला."

"असू दे मावशी, जेवा तुम्ही," सेतेफानो म्हणाला आणि पुढे गेला.